मांडवीच्या काठाने

बाई पळताना दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "काय झालं हो?" एसटी चुकत असेल, गॅसवर दूध ठेवून आली असेल, नाहीतर शाळेतून मुलाचा निरोप आला असेल. काहीही झालेलं नसताना बाई पळू शकते, हे आमच्या तालुक्याच्या गावाला अजून ठाऊक नाही. खरं सांगू? मीही ते विसरूनच गेले होते. कॉलेजात असताना आठशे मीटरच्या शर्यतीत माझा दुसरा नंबर आला होता. त्याचं प्रशस्तिपत्रक लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेलं, ते तिथंच.

गेल्या वर्षी रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे; रोज चाला, जमलं तर थोडं पळा. माझ्या आईला साखर होती. तिच्या पायाची जखम मी दोन वर्षं माझ्या हातांनी बांधली आहे. तेव्हा मैत्रिणींनो, हा सल्ला कानाआड करण्यासारखा नव्हता. पण पळायचं कुठं? घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर माझे विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि देवळाच्या कट्ट्यावर सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या बायका!

तशात दिवाळीच्या सुट्टीत पणजीला ताईकडे आठ दिवस जायचा योग आला. ताई मिरामारला राहते. माझं रडगाणं ऐकून तिनं भाचीचे कॅनव्हासचे बूट पुढे ठेवले. "इथं तुला कोण ओळखतंय? ऊठ आणि जा."

गेले. सकाळी सहाला, पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला घट्ट बांधून. ओढणीचं हे आधीच सांगून ठेवते, कारण पहिल्या दिवशी मी ती खांद्यावर घेतली होती आणि निम्मा वेळ तिलाच सावरत होते.

मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. तिथून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यालाही त्यांचंच नाव. हा रस्ता मांडवीचा काठ धरूनच जातो. नदी डाव्या हाताला, पलीकडच्या तीरावर रेइश मागुश किल्ल्याच्या भिंती, आणि समोरून हळूहळू उजाडत येतं. चढ म्हणाल तर नाहीच. आपल्यासारख्या नवशिकीला याहून सोयीचा रस्ता मिळायचा नाही. जुन्या सचिवालयापर्यंत सुमारे तीन किलोमीटर. मी पहिल्या दिवशी कांपालच्या झाडांपाशीच बसकण मारली!

कांपाल म्हणजे पणजीतला सावलीचा तुकडा. इथंच नदीला लागून कला अकादमीची इमारत आहे. चार्ल्स कोरिया यांची ही रचना. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय आणि भोपाळचं भारत भवनही त्यांचंच. इमारत म्हणजे चार भिंती ही आपली समजूत इथं टिकत नाही. रस्त्याकडची बाजू इतकी मोकळी, की आरपार नदीकडे जाता येतं.

पुढे लागते जुन्या मेडिकल कॉलेजची वास्तू. पणजीत वैद्यकीय शिक्षण १८४२ सालापासून, आणि पणजी रीतसर राजधानी झाली ती १८४३ साली. म्हणजे राजधानीच्या आधी वैद्यकशाळा. मास्तरणीच्या नजरेला हा क्रम फार आवडला, बरं का. आता याच आवाराच्या आसपास दर वर्षी चित्रपट महोत्सव भरतो. नदीत मात्र कॅसिनोची जहाजं उभी असतात. पहाटेही त्यांचे दिवे चालूच. रात्रभर जागलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखे ते दिसतात. मला ती काही आवडली नाहीत. मी तेवढा पट्टा मान खाली घालून पळायची.

तिसऱ्या दिवशी बेतीच्या फेरीबोटीपाशी धाप लागून थांबले. बोटीतून उतरलेल्या बायकांपैकी एकीनं डोक्यावरची मासळीची पाटी न उतरवताच विचारलं, "कितें गो बाय, थकलें? मातशें बस." काय झालं, कोण आजारी, असलं काही नाही. थकलीस तर जरा बस, एवढंच. मी बसले, आणि उठून पुन्हा पळाले.

पाचव्या दिवशी सचिवालय गाठलं. मूळचा हा आदिलशहाचा वाडा. १७५९ नंतर पोर्तुगीज व्हाइसरॉय इथं राहायला आले, आणि पुढे २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभाही इथंच भरे. वाड्याशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, १९४५ सालचा. झगा घातलेला उंच पुरुष हात पसरून उभा, आणि समोर एक बाई मागे कोसळते आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात पाहिलं तर दचकायला होतं. हे फारिया नदीपलीकडच्या कांदोळीचे. १७५६ चा जन्म, संमोहनविद्येत पॅरिसला नाव काढलं. त्यांचं म्हणणं असं, की गुंगी आणणारी ताकद संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, ती ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याच्याच मनात असते. पुतळ्यात मात्र सगळा रुबाब पुरुषाच्या हातांचा! मी मोजून पाच मिनिटं त्या बाईकडे बघत उभी होते.

इथून उजवीकडे आत वळलं की मळा आणि फोंतेन्यास. तांबड्या, पिवळ्या, निळ्या भिंतींची घरं, सज्जे, आणि पोंय पोंय भोंगा वाजवत सायकलवरून पोई विकणारा पोदेर. या गल्ल्यांतून पळू नका, चाला. लोक अजून झोपलेले असतात. त्यांच्या दारात उभं राहून फोटोही काढू नका. ती लोकांची राहती घरं आहेत, आणि पाहुण्यांच्या या हौसेला ती माणसं कंटाळली आहेत.

रविवारी, शेवटच्या दिवशी, ताईनं मला स्कूटरवरून पाटोच्या पुलापाशी सोडलं. तिथून रायबंदरला जाणारा रस्ता म्हणजे लिन्हारेस या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला जांभ्या दगडाचा पूल. लांबी सुमारे तीन किलोमीटर. बाजूला मिठागरं, खारफुटी, बगळे. मांडवीवरचा विसाव्या शतकातला मोठा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. हा मात्र अजून बसगाड्या अंगावर घेतो आहे. रस्ता अरुंद असल्यानं रविवारची पहाटच बरी, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळावं. मध्यावर पोटात कळ आली. ताई स्कूटरवर रायबंदरच्या टोकाला उभी, ठिपक्याएवढी दिसत होती. मागं वळावं तर तेवढंच अंतर. मग काय, पळाले. न थांबता तीन किलोमीटर! ताईनं पिशवीतून थर्मास काढला आणि म्हणाली, "चहा बिनसाखरेचा आहे हं."

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं विचारलं, मंगेशीचं दर्शन झालं ना? झालं होतं. मग त्यांची नजर बुटांकडे गेली. "हे कुणाचे?"

"माझे. भाचीनं देऊन टाकले."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी कॅनॉलच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलंच, "वहिनी, काय झालं हो?"

"औषधासाठी चाललेय," असं सांगून मी पुढे पळाले. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.