समुद्रावरचं अभयदान



आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्याला पाठशाळेपासून पाठ आहेत. पहिल्या तिन्हींत हातातून काहीतरी जातं. चौथ्यात काय द्यायचं, ते मला या डिसेंबरात मालवणजवळ देवबागला, होडीत बसल्यावर नीट कळलं.

मामंजी रोज सकाळी गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकत. ते गेल्यापासून सासूबाईंनी तो नेम चालवला आहे. गावाला गेलो तरी मोडत नाहीत. देवबागलाही त्यांनी घरची शेव डब्यात भरून घेतली होती.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथून आमची होडी बाहेर पडली. वाळूच्या पट्ट्यावर कुरव आणि सुरय शेकड्यांनी बसले होते. कुरव म्हणजे सीगल. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी पिल्लं वाढवतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. थंडीत त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग जाऊन कानामागे फक्त एक काळा ठिपका उरतो. सुरय अंगाने सडपातळ. हवेत क्षणभर थांबून तो सरळ पाण्यात सूर मारतो.

होडीभोवती कुरव घिरट्या घालू लागले तसा सासूबाईंनी डबा उघडला. तांडेल म्हणाला, "आजी, तेंका काय घालू नकात. तेंचा तेंका समुद्रात गावता."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मी हळूच सांगितलं, तळलेल्या शेवेने त्यांचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. शिवाय होडीमागे धावायची आणि घासासाठी भांडायची सवय लागते.

"पण शेव खाल्ली तर तेवढे मासे तरी वाचतील," त्या म्हणाल्या.

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींच्या मनात येतो. मी म्हटलं, "आई, मांसाहाराचा त्याग आपला आहे. पाखराचं शरीरच माशावर जगणारं आहे. त्याच्या वतीने आपण कसं व्रत घेणार?" त्या काही बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण मात्र लावलं.

पुढे निवतीच्या बाजूला डॉल्फिन दिसले. आधी लांबट तोंड वर आलं, मग कुबडासारखी पाठ, मग शेपूट. हे कुबड असलेले डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात. श्वास फुप्फुसांनी घेतात, म्हणून वर यावंच लागतं. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ती त्याला दूध पाजते. एका पाठीला चिकटून एक लहान पाठ वर येताना आम्हाला दिसली.

होडीतली मंडळी ओरडू लागली, "अजून जवळ घ्या!" तांडेलाने वेग वाढवला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. डॉल्फिन मासे शोधतात, एकमेकांना हाका घालतात, ते आवाजानेच. त्यात इंजिनाची घरघर घुसली की मायलेकरांची हाक बुडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे.

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "बाळा, इंजिन बंद कर. लेकुरवाळी आहे ती."

इंजिन थांबलं. मंडळीही गप्प झाली. पाठ वर आली की 'फूऽस' असा श्वास ऐकू यायचा. दहा-बारा मिनिटं त्या मायलेकरांनी आपल्या मर्जीने आमच्यासमोर श्वास घेतला आणि आपल्या मर्जीनेच ती लांब गेली.

"आज हेच दान," सासूबाई म्हणाल्या. शेवेचा डबा त्यांनी उतरताना तांडेलाच्या मुलांना दिला.

थंडीत तुमच्यापैकी बऱ्याचजणी कोकणात जाल. होडी ठरवतानाच सांगा: पाठलाग नको, डॉल्फिन दिसले की लांबच थांबा, इंजिन बंद ठेवा. पाखरांना फरसाण-वेफर्स टाकू नका, मुलांनाही टाकू देऊ नका. भीती न देणं हेही देणंच आहे, आणि त्याला डबा लागत नाही.