मातीची फौज

शियानच्या मोठ्या मशिदीत फजर पढून आम्ही बसने लिन्तोंगला निघालो. 1974 साली तिथे विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे शिपाई सापडले. चीनचा पहिला बादशहा चिन शी ह्वांग इ.स.पूर्व 210 मध्ये वारला. त्याच्या कबरीच्या रक्षणासाठी ही फौज पुरलेली.

पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी आलो आणि बोलणेच थांबले. माणसाच्या उंचीचे शिपाई रांगेत उभे, चेहरे निरनिराळे. मुठी रिकाम्या, भाल्यांचे लाकडी दांडे केव्हाच कुजले. घोडे मात्र कान टवकारून आहेत. स्वारांच्या घोड्यांवर खोगीर आहे, पण रिकीब नाही. ती तेव्हा निघालीच नव्हती.

"एवढे सगळे एका मय्यतीसाठी?" धाकटीने विचारले.

रोज हजेरी घेणारे आम्ही, आमचे लक्ष नावांकडे. काही पुतळ्यांवर कारागिरांची नावे आहेत. गौरव म्हणून नव्हे. काम बिघडले तर कोणाला धरायचे ते कळावे म्हणून! कबरीच्या पश्चिमेला, चाओपेइहू गावाजवळ, बांधकामावरच्या मजुरांची हाडे सापडली. ना कफन, ना पेटी. काहींबरोबर फुटक्या कौलाचा तुकडा, त्यावर खरवडलेले नाव आणि गाव. कुणा सोबत्यानेच ठेवला असावा.

बादशहाची कबर अजून उघडलेली नाही. आम्ही त्या टेकडीपाशी गेलो. तिच्यावर डाळिंबाची झाडे आहेत. धाकटी अजून कौलाविषयीच विचारत होती: त्या गावांपर्यंत खबर पोहोचली असेल का?