सोकोरो कुठे आलं?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं, की हायस्कूल संपवणाऱ्या मुलांच्या आईबापांना एकच प्रश्न येतो, "मग, कुठे ॲडमिशन?" नाव ओळखीचं असलं तर "अरे वा!" नसलं तर "अच्छा..." आणि लगेच श्रीखंडाचं कौतुक. यंदा आमच्या वाट्याला "अच्छा" बरेच आले. कारण आमच्या कन्येला फिजिक्स शिकायचं होतं, तेही न्यू मेक्सिको टेकमध्ये, सोकोरो नावाच्या गावी!

स्थापना १८८९ सालची, खाणशास्त्राची शाळा म्हणून. सारे मिळून विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. आल्बकर्कीहून दक्षिणेला सव्वा तासाचा रस्ता. हिल्टन हॉटेलवाले कॉनराड हिल्टन इथेच शिकले होते, पण कन्येला हॉटेल काढायचं नसल्यामुळे ही माहिती फक्त तिच्या आजीला आवडली.

दुसरीकडे एका नामांकित खासगी विद्यापीठाचंही पत्र हातात होतं. सौ.चा कौल उघडच तिकडे. तिथला खर्च राहण्या-जेवण्यासकट वर्षाला ९०,००० डॉलरच्या घरात, म्हणजे आमच्या शिल्लकीपलीकडचं सगळं कर्ज. मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. फिजिक्समध्ये नुसत्या बी.एस.वर कुणी थांबेलच असं नाही, पुढे पीएच.डी. आलीच. ती इथे बहुधा स्वतःच्या पैशाने करावी लागत नाही. फी माफ होते, शिकवण्याचे किंवा संशोधनाचे पैसे मिळतात. पण ती पाच-सहा वर्षं त्या तुटपुंज्या पैशात काढायची, तर डोक्यावर आधीचं कर्ज नको. आणि पीएच.डी.ला प्रवेश देताना प्राध्यापक कॉलेजचं नाव पाहतात, नाही असं नाही, पण मुलाने प्रयोगशाळेत काय केलं आणि शिफारसपत्र देणारा त्याला किती ओळखतो, हेही तितकंच पाहतात.

माझं स्वतःचं एम.एस. अशाच एका अनोळखी विद्यापीठाचं. वीस वर्षांत एकाही क्लायंटने त्याचं नाव विचारलेलं नाही. पण हा पुरावा मी घरात मांडला नाही. आय.टी.त कामाचा अनुभव बोलतो, फिजिक्समध्ये तसं चालत नाही.

म्हणून ब्रोशर बाजूला ठेवून कन्येने फिजिक्स विभागांना सरळ ई-मेल केली. गेल्या काही वर्षांतली मुलं पुढे कुठे गेली? पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना संशोधनात घेता का? क्वांटम मेकॅनिक्ससारखे वरचे विषय दर वर्षी असतात की वर्षाआड? छोट्या विभागाची खरी मेख इथे असते. विद्यार्थी कमी म्हणून कोर्स रद्द झाला, की पदवी लांबते आणि आणखी एका सेमिस्टरची फी बसते. यादीतल्या दुसऱ्या एका छोट्या कॉलेजने उत्तरादाखल नव्या जिमचे फोटो पाठवले. ते नाव आम्ही तिथेच खोडलं. सोकोरोहून एका प्राध्यापकांनी मुद्देसूद उत्तर लिहिलं आणि "येऊन बघा" म्हणाले.

गेलो. राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचं केंद्र कॅम्पसवरच आहे. तिथून ५० मैल पश्चिमेला व्ही.एल.ए. दुर्बीण, २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या, रुळांवरून सरकवता येणाऱ्या. जवळच्या मॅग्डालेना डोंगरात १०,००० फुटांहून उंचावर विजांच्या अभ्यासाची लँगम्युअर प्रयोगशाळा. कन्या तबकड्यांखाली बराच वेळ बोलेना. आजीचं माहेर नारायणगावचं. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "आपल्या खोडदच्या याहून मोठ्या आहेत गं!" खरंच आहे, जी.एम.आर.टी.च्या तबकड्या ४५ मीटरच्या, आणि ३० आहेत.

सौ.ची एक शंका मात्र रास्त होती. दोन वर्षांनी पोरीचं मन फिजिक्सवरून उडालं तर? तिथे इंजिनिअरिंग आहे, कॉम्प्युटर सायन्सही आहे, पण इतिहास किंवा कायद्याकडे वळावंसं वाटलं तर दुसरीकडे बदली घ्यावी लागेल. ही जोखीम आहे, आणि ती समजून-उमजून आम्ही एप्रिलअखेरीस डिपॉझिट भरलं. खासगी विद्यापीठाला नकार कन्येने स्वतः कळवला. सौ. त्या दिवशी फारशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आल्बकर्कीची विमानं शोधायला घेतली.