वाटीसमोर बसलेलं माणूस

कोळगाव, पालघर

चि. सोनू आणि जावईबापू,


काल फोनवर तुम्हा दोघांचं ऐकून घेतलं, पण उत्तर मुद्दाम कागदावर लिहिते आहे. फोनवर प्रत्येकाला आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं. शिवाय पत्र सासूबाईंनाही वाचता येईल, आणि त्यांनी ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

सोनूचं म्हणणं मला कळलं. बाळीसमोर उकडलेल्या रताळ्याची फोड ठेवावी, तिने ती उचलावी, चोखावी, हवी तर भिरकावून द्यावी, पण कुणी तिच्या तोंडात चमचा कोंबू नये. जावईबापूंचंही कळलं. सातव्या महिन्यातलं मूल, निम्मं अंगावर आणि निम्मं जमिनीवर सांडणार, मग पोटात काय जाणार? वाटी-चमच्याने भरवलं की निदान किती गेलं ते दिसतं. ही काळजी खोटी नाही. पण मला हात की चमचा हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो. खाताना तिच्यासमोर कोण बसलंय, ते माणूस तिच्या तोंडाकडे बघतंय का, आणि वाटीत नेमकं काय आहे, हे मी आधी विचारते. अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून पाड्यापाड्यावर फिरले, तेव्हाही हेच विचारत होते.

जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने शंभरावर मुलं गेली. या जिल्ह्यात आमच्या खात्यात जी जी बाई नोकरीला लागली, तिच्या डोक्यावर त्या गावांचं नाव कायम राहिलं. आता जिल्ह्याचं मुख्यालय इथे कोळगावात आहे, म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या मुलांच्या वजनाचे कागद आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर येऊन पोचतात. मी निवृत्त झाले तरी ते कागद डोळ्यांसमोरून जात नाहीत.

त्या भागात दिवाळी झाली की माणसं जगायला निघतात. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. भट्टीवर आई-बाप दोघंही कामात, आणि बाळ सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पोरगी थकलेली, बाळ कडेवरून उतरवून झोपडीच्या सावलीत बसवलेलं, त्याच्या मुठीत बिस्किट. बिस्किट लाळेने भिजून मनगटापर्यंत ओघळलेलं, त्यावर माश्या. बाळ स्वतःच्या हाताने खात असतं, सोनू. कुणी जबरदस्ती करत नसतं. पण त्याच्यासमोर बघणारं कुणी नसतं, आणि हातातल्या त्या मैदा-साखरेच्या तुकड्यात त्याला वाढवण्यासारखं जवळपास काही नसतं. त्या ताईला मी कधी दोष दिला नाही. तिलाच कुणीतरी भरवायला हवं होतं.

याच्या उलटंही पाहिलं. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या बायका बोईसरच्या खोल्यांत सकाळी घाईने बाळाला मांडीवर आडवं घेतात. एक हात डोक्यामागे, दुसऱ्या हातात चमचा, गिळलं की पुढचा. मूल मान फिरवतं, ओठ मिटतं, हाताने चमचा ढकलतं. म्हणजे त्याला जे सांगायचं ते सगळं सांगून झालेलं असतं, पण कंपनीची बस सुटायची असते. सोनू, तूही नुकतीच कामावर रुजू झाली आहेस. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ते फार मोठं काम झालं. तरी २६ आठवडे म्हणजे सहा महिने. डॉक्टर ‘आता वरचं अन्न सुरू करा’ म्हणतात, नेमकी तेव्हाच आई कामावर परतते. तुम्ही दोघं वाद घालताय, पण दिवसाचे दोन घास सासूबाईच देणार आहेत. त्यांना विचारल्याशिवाय घेतलेला कुठलाही निर्णय टिकणार नाही, आणि टिकू नये.

जावईबापू, आता तुमच्या ‘पोटात किती गेलं’ या प्रश्नाचं. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. म्हणजे आत्ताची गरज थोडी आहे. पण पोटही लहान आहे, वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर. बाळी सात किलोची, तर एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी. ती वाटी पातळ पेजेने किंवा डाळीच्या वरच्या पाण्याने भरली की पोट तुडुंब, आणि अंगी लागायला काही नाही. कितीतरी घरांत माया असते, वेळ असतो, चमचाही असतो, पण चमच्यात पाणी असतं. चमचा आडवा केला की घळकन ओघळेल ते खाणं पातळ. खिमट असो, गुरगुट्या भात असो, चमच्यावर बसून राहिला पाहिजे, वर तुपाची धार. नाचणीची लापशी घट्ट शिजवून तिच्यात मोड आणून दळलेल्या नाचणीचं चिमूट-दोन चिमूट पीठ घाल आणि ढवळ. पाणी न घालता ती सैल होते, गिळायला सोपी जाते, कस तोच राहतो. सैल झाली की पुन्हा एक उकळी काढ.

आणि लोह. जन्मताना आईकडून मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह फारच थोडं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची दर तीनपैकी दोन मुलं रक्ताने कमी निघाली. आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांतलीही. म्हणून फळांचा गर आणि रताळी एवढ्यावर थांबू नकोस. अंडं पूर्ण उकडून, डाळ, पालेभाजी, वर लिंबाचे दोन थेंब. तुमच्याकडे मासे चालतात, तर सातपाटीचं पापलेट वाफवून, काटा बोटांनी चाचपून काढून दे. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

स्वतःच्या हाताने खाण्याची जी पद्धत तू वाचलीस, ती इंग्लंडच्या गिल रॅप्ली यांनी २००८ च्या पुस्तकातून लोकांपर्यंत नेली. त्या आमच्यासारख्याच घरोघरी बाळं बघत हिंडणाऱ्या आरोग्यसेविका, म्हणून मला त्यांच्याबद्दल आपुलकी आहे. न्यूझीलंडमध्ये दोनशेच्या वर कुटुंबांवर याची नीट चाचणी झाली, २०१६ आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले. वजनात म्हणावा असा फरक पडला नाही आणि घास अडकण्याचं प्रमाणही जास्त दिसलं नाही. पण त्या आईबापांना काय द्यायचं, कसं कापायचं, लोहाचं काय करायचं हे शिकवलेलं होतं. हे शिकवणं वगळून नुसती पद्धत उचलता येत नाही.

मला त्याहून आवडतो तो क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंचा १९२६ साली सुरू झालेला प्रयोग. नुकतंच दूध सुटू लागलेल्या बाळांसमोर त्या साध्या पदार्थांच्या वाट्या मांडत. फळं, भाज्या, धान्य, अंडी, मांस, दूध. परिचारिका हातात चमचा घेऊन शेजारी बसायची, पण गप्प. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच तिने त्यातलं चमचाभर उचलायचं, आणि त्याने तोंड उघडलं तरच द्यायचं. शाब्बास नाही, डोळे वटारणं नाही. मुलांनी काय काय चमत्कारिक जेवणं केली, पण वाढली छान. यात हातही आहे आणि चमचाही, आणि दोन्ही बाळाच्या मर्जीने चालतात. ताटात काय असावं हे मात्र मोठ्यांनी ठरवलेलं, साखर आणि मैदा त्यात नव्हताच. डेव्हिसबाईंनी स्वतःच म्हटलं होतं की खरी युक्ती त्या यादीत होती.

हे ऐकून सासूबाईंना परदेशी खूळ वाटेल. त्यांना सांग, आपल्याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. १९४५ ला बोर्डीत सुरुवात, मग कोसबाड. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी वारली मुलांच्या हातात शिंपले, बिया, खडे दिले. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. मुलाचा हात कामाला लागू द्यावा, मोठ्याने जवळ बसावं, लुडबुड करू नये, हे मी कोसबाडकडून शिकले. जेवणाच्या ताटालाही ते लागू आहे असं माझं पक्कं मत आहे.

म्हणून असं करा. बाळीला मांडीवर आडवी न घेता टेकू देऊन ताठ बसवा. तिच्या मुठीबाहेर टोक राहील अशी मऊ फोड तिच्या हातात, आणि घट्ट खिमटाची वाटी-चमचा तुमच्या हातात. एक चमचा तिच्याही हातात द्या, आपटू दे. तोंड उघडलं की घास, मान फिरवली की थांबायचं. अर्धी वाटी उरली तरी थांबायचं. सासूबाई मोबाईल समोर धरतात आणि ती भराभर खाते, हे ऐकून मला वाईट वाटलं. तेव्हा बाळी जेवत नसते. तिच्या तोंडात घास जातो आणि पोट भरल्याचं तिला कळत नाही. त्याऐवजी सासूबाईंनी काऊचा-चिऊचा घास म्हणावा, त्यांच्या तोंडून तो फार गोड लागतो. तिने ओठ मिटले की काऊलाही परत पाठवावं.

घास अडकण्याची भीती जावईबापूंना आहे, ती असू द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, बोरं यांतलं काही हातात नको. खोकतेय, आवाज येतोय, चेहरा लाल झालाय, तर तिचं तिला काढू द्या, घशात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, तर पालथी मांडीवर घेऊन, डोकं खाली करून, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच थापा. नाहीच निघालं तर उताणी करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापा, आणि शेजारच्याला लगेच हाक. हे तिघांनीही उशीवर करून बघा, सासूबाईंनी सुद्धा. खाताना तिला एकटं सोडायचं नाही, दार वाजलं तरी नाही.

नाचणी मोड आणून वाळत घातली आहे. दळून झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते, सोबत घरचे चिकू. चिकूची साल आणि बी काढून गर दे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आहे. त्या दिवशी वजन करून घे आणि मला कळव. वाढीच्या तक्त्यावर मागच्या ठिपक्यापासून रेघ वर चालली आहे ना, एवढं बघ, शेजारच्या बाळाशी तुलना करू नकोस. सासूबाईंना नमस्कार, बाळीला गोड पापा.

तुझी,
मावशी