मेलेला वॉलआय

चांगला ताजा, खाण्याजोगा मासा मेल्यावर पुन्हा सरोवरात टाकून द्यायचा, हे मला अजून पचलेलं नाही. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे मासा वाया घालवत नाहीत.

आता राहते त्या मिनेसोटातलं वॉलआय माशाचं वेड विचारूच नका. 1965 पासून तो राज्याचा अधिकृत मासा आहे. नवरा आणि मी त्याच्यासाठी मिल लॅक्स सरोवरावर जातो, बॉबर, म्हणजे तरंगता गोळा, लावून. दोरीला एक बारीक गाठ, मग मणी, बॉबर, शिसं आणि गळाला जिवंत जळू. गाठ वर-खाली सरकवली की जळू किती खोल लोंबणार ते ठरतं. पाण्याखालच्या खडकांच्या फूटभर वर ती वळवळत राहिली पाहिजे. ऊन उतरलं की वॉलआय चरायला निघतो. डोळ्यांतल्या चकाकत्या पडद्यामुळे त्याला अंधुक उजेडातही छान दिसतं.

जुलैतल्या एका संध्याकाळी बॉबर थरथरला, तिरका झाला आणि सावकाश खाली गेला. नवऱ्याने ढिली दोरी गुंडाळत काठी उचलली. 19 इंचांचा मासा, सोनेरी-हिरवट, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. पण गळ पार घशात गेलेला, कल्ल्यांतून रक्त येत होतं. त्या हंगामात ठेवता येणाऱ्या लांबीत तो बसत नव्हता. दोरी कापली, त्याला पाण्यात धरून ठेवलं. कल्ले जरा हलले आणि तो पोट वर करून तरंगू लागला. सरळ केला, पुन्हा उलटला. परत सरळ केला, परत तेच. तोवर सीगल घिरट्या घालायला लागले होते.

"अरे, घेऊया ना, मेलाय तो!"

"घेतला तर दंड होईल."

लांबीत न बसणारा मासा मेला तरी पाण्यातच टाकायचा, असा नियम. वर असे मरणारे मासे अंदाजाने मोजून, सरोवरातून पकडता येणाऱ्या वॉलआयमधल्या राज्याच्या वाट्यातून वजा करतात. उरलेला वाटा इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा. 1837 च्या करारात त्यांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क राखला. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो कायम केला. धक्क्यावर काही जण त्यांच्याच नावाने बोटं मोडतात, ते मला अजिबात पटत नाही. ते इथे आधीपासून आहेत, आम्ही तर कालचे.

मेलेला मासा ठेवायची मुभा दिली तर लोक मुद्दाम मारून ठेवतील, हेही मला कळतं. म्हणजे नियम बरोबरच असेल. तरी तो मासा आठवला की संताप येतोच.

पाणी तापलं की सोडलेले मासे जास्त मरतात. म्हणून भर उन्हाळ्यात जाणार असाल तर आत वळलेल्या टोकाचा गळ लावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो. बॉबर बुडाला की माशाला गिळायला वेळ देऊ नका, लगेच दोरी ताणा. गळ घशात गेलाच तर ओढाओढ न करता दोरी कापा. आणि तुम्हाला ठेवता येईल असा मासा मिळाला, की तेवढ्यावर गळ गुंडाळून घरी या.