हलालच्या पुढचा प्रश्न

आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यामुळे तिसऱ्या, कालवं आमच्या दस्तरख्वानावर बिनदिक्कत येतात. घाटावरचे हनफी पाहुणे मात्र त्यांना हात लावत नाहीत. त्यांच्या मते समुद्रातली फक्त मासळीच हलाल. यावर जेवताना गमतीनं वाद होतो आणि दोन्ही बाजू आपापल्या इमामांचा दाखला देऊन मोकळ्या होतात. पण हलालच्या जोडीला ‘तय्यब’ हाही शब्द येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगलं. तिसऱ्यांच्या बाबतीत मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्या कुठल्या पाण्यातल्या आहेत?

शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो. मोठं कालव दिवसाला 100 लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. पाण्यात मैला मिसळला असेल, तर त्यातले विषाणू त्याच्या पोटात साठतात. नोरोव्हायरस तर कालवाच्या आतड्याला चिकटूनच बसतो. घरी आपण तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, त्यानं रेती निघते, विषाणू निघत नाहीत. युरोपात कालवं विक्रीआधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. त्यानं जिवाणू बरेच कमी होतात, विषाणू मात्र टिकून राहू शकतात. वासानं, रंगानं काही कळत नाही. अगदी ताजी, जिवंत तिसरीही दूषित असू शकते.

याची सर्वांत मोठी किंमत चीनमधल्या शांघाय शहरानं मोजली. 1988 च्या सुरुवातीच्या तीन महिन्यांत तिथे सुमारे 3 लाख लोकांना हिपॅटायटिस ए, म्हणजे एक प्रकारची कावीळ झाली. शेजारच्या प्रांतातल्या चिडोंगच्या किनाऱ्यावरून आलेल्या शिंपल्या मैल्यानं दूषित झाल्या होत्या. तिथली खायची रीत अशी, की शिंपल्यांवर उकळतं पाणी ओतायचं आणि तोंड जरा उघडलं की खायच्या. आतलं मांस जवळजवळ कच्चंच राहायचं. इस्पितळं पुरेनात, तेव्हा शाळा आणि कारखान्यांत खाटा टाकाव्या लागल्या. हा विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर काय खाल्लं होतं, हे कुणाच्या ध्यानात राहणार?

आपली एकशिपी किंवा तिसऱ्यांचं कालवण नीट उकळतं, ही जमेची बाजू. तज्ज्ञ सांगतात, आतल्या मांसाचं तापमान 90 अंशांवर दीड मिनिट राहायला हवं. म्हणून शिंपली उघडली की लगेच गॅस बंद करू नये. आणखी चार-पाच मिनिटं खळखळून उकळू द्यावं. माझी भाची मुंबईच्या एका हॉटेलात लिंबू पिळून कच्ची कालवं खाल्ल्याचं कौतुकानं सांगत होती. तिला म्हटलं, “बेटा, लिंबानं चव येते, विषाणू मरत नाही.”

पण सगळा भार स्वयंपाकघरावर टाकणंही बरोबर नाही. गावातली गटारं खाडीत सोडायची आणि मग गुडघाभर चिखलात उभं राहून तिसऱ्या काढणाऱ्या बाईकडे संशयानं बघायचं, हा कुठला न्याय? तिचं पोट त्या खाडीवर आहे आणि तिची मुलंही त्याच तिसऱ्या खातात. वुजूचं पाणी पाक आहे की नाही, याची आपण किती बारकाईनं चौकशी करतो! आपल्या संडासाची टाकी कुठे रिकामी होते, याचीही तेवढीच चौकशी जमातीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत व्हायला हवी.