काळ्याला काळं

भंगारवाल्याचा डोळा आधी तांब्यावर जातो. पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती बसलेल्या योकमध्ये तांब्याची तार भरपूर असते, आणि ती काढायला मानेवर हातोडीचा एक टोला पुरतो. फुस्स करून हवा आत शिरते आणि चाळीस वर्षं टिकलेला निर्वात तिथेच संपतो. म्हणून मी इंदूरच्या लोहा मंडीत सकाळी हातोड्या सुरू व्हायच्या आत पोचतो, पोहे-जिलेबी परतताना. गेल्या उन्हाळ्यात एक चौदा इंची कृष्णधवल मॉनिटर असाच वेळेवर सापडला. करड्या पत्र्याचा डबा, उचलायला कडी, मागे बीएनसीची तोंडं. कुठल्याशा स्टुडिओच्या लिलावातून आलेला. किलोच्या भावाने घेतला.

मॉनिटर म्हणजे ट्यूनर नसलेला टीव्ही, असं लोकांना वाटतं. माझा धंदा टीव्ही दुरुस्तीचा, १९८४ च्या सुमारास देशभर लहान ट्रान्समीटर भराभर उभे राहिले तेव्हापासूनचा, त्यामुळे सुरुवातीला मीही तेच समजत होतो. पण घरचा टीव्ही गोडबोल्या असतो. त्याचं चित्र काचेच्या कडांबाहेर थोडं सांडलेलं असतं, म्हणजे कडेची घाण दिसत नाही. स्टुडिओतल्या मॉनिटरला अंडरस्कॅनचं बटण असतं. ते दाबलं की चित्र आक्रसतं आणि चारही कडा उघड्या पडतात. त्याची नेमणूकच चुगली करण्यासाठी झालेली.

काळ्या रंगाचं घ्या. स्वस्त कृष्णधवल संचावर सिनेमातली रात्र राखाडी दिसायची, आठवतं? त्यात कॅमेरामनचा दोष नसे. आपल्याकडच्या ६२५ रेघांच्या पद्धतीत एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांची. त्यातले सुमारे ५२ चित्राचे, बाकी वेळ सिंकचा आणि परतीचा. चित्र सुरू होण्याच्या किंचित आधी सिग्नलमध्ये एक सपाट जागा असते, आणि काळा किती खोल हे तिथून ठरतं. स्वस्त संच तिकडे बघतच नसत. आख्ख्या चित्राच्या सरासरीवर त्यांचा काळा वरखाली व्हायचा. मॉनिटर मात्र दर रेघेला त्या जागी थांबून काळ्याची पातळी नव्याने पकडतो. सेकंदाला १५,६२५ वेळा.

१९८२ मध्ये रंग आले, तरी स्टुडिओंच्या कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांच्या प्रीव्ह्यूला कृष्णधवल मॉनिटरच पुढे कित्येक वर्षं टिकले. एक तर स्वस्त. शिवाय रंगीत ट्यूबमध्ये असते तशी भोकांची जाळी मध्ये नाही, म्हणून फोकस तपासायला जास्त धारदार. १५ ऑगस्ट १९८४ ला यूजीसीचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाले आणि पुढे आमच्या देवी अहिल्या विद्यापीठातही असे कार्यक्रम बनवणारं केंद्र झालं. असले डबे मी पहिल्यांदा पाहिले ते त्या काळात, दुसऱ्याच एका ठिकाणी, आणि त्यांना हात लावायची परवानगी मला नव्हती.

आता हात लावतो, पण प्लग लावायच्या आधी डिस्चार्ज. ट्यूबच्या अॅनोडवर दहा-पंधरा हजार व्होल्ट असतात, आणि ट्यूब म्हणजे काचेचा कंडेन्सरच. संच बंद केला तरी चार्ज बसून राहतो. ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थिंगच्या जाळीला तार बांधायची, तिचं दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरला, आणि रबरी टोपीखाली तो सरकवायचा. चट्‌ आवाज येतो. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण काच राखून ठेवलेला चार्ज हळूहळू परत देते. हे ‘पुन्हा एकदा’ मी शिकलो ते १९८७ मध्ये, एका रविवारी. रामायण सुरू व्हायला वीस मिनिटं, खोलीत पंधरा माणसं आणि माझं कोपर त्यांच्या लोणच्याच्या बरणीत.

मग सिरीज लॅम्प. शंभर वॅटचा पिवळा बल्ब मॉनिटरच्या वाटेत जोडायचा. भक्क पेटून मंदावला तर ठीक. तसाच जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट. आमचा मंदावला. रास्टर आलं आणि त्यावर दोन काळपट पट्टे हळूहळू वर सरकू लागले. पट्टे मोजावेत. दोन म्हणजे सप्लायचा फिल्टर कंडेन्सर सुकलाय. एकच असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड ओपन, नाहीतर ट्यूबचा हीटर कॅथोडला लीक. ते सरकतात, कारण चित्राचे ५० आणि विजेचे ५० कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जेल रोडवर एके काळी बीयू२०५ ट्रान्झिस्टर वाण्याकडच्या साखरेसारखा मिळायचा; हल्ली तिथे मोबाइलची कव्हरं. पण कंडेन्सर अजून मिळतात.

कंडेन्सर बदलले, पट्टे गेले. तरी पांढरा रंग फुगायचा. चेहऱ्यावर नाक दिसेना. दोन दिवस मी व्हिडिओ अॅम्प्लिफायरचा एकेक घटक उपटून तपासला. तिसऱ्या दिवशी मागे वाकलो तर व्हिडिओच्या दोन तोंडांच्या मधलं बारकं बटण वर होतं. हे मॉनिटर माळेसारखे जोडतात, एकातून दुसऱ्यात. माळेतल्या शेवटच्यानेच ७५ ओहमचं बटण दाबायचं. नाही दाबलं तर एक व्होल्टचा सिग्नल दोन व्होल्टचा होतो. बिचारा डबा मला खरं तेच सांगत होता.

ट्यूब थोडी थकलेली होती. मित्र म्हणाले, बूस्टर लाव. हीटरला जास्त व्होल्ट देऊन थकलेला कॅथोड तापवायचा. चित्र उजळतं, पण बहुतेकदा थोडेच दिवस. मी नाही लावला. ट्यूब गेली तर दुसरी आणणार कुठून?

कॅफेवाले येतात, ‘आत एलसीडी बसवून द्या.’ मी नाही म्हणतो. जुळवून घ्यायचं ते बाहेर, डब्याला एकही नवं भोक न पाडता. लॅपटॉपच्या एचडीएमआयला एक कन्व्हर्टर जोडला, तर रंगीत साडीवर मुंग्यांसारखे बारीक ठिपके वळवळू लागले. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेली असते. घरचा संच ती पुसट करून टाकायचा, हा मात्र इमानदारीने दाखवतो. मग एस-व्हिडिओ असलेला कन्व्हर्टर आणून त्यातली फक्त प्रकाशाची तार घेतली. साडी स्वच्छ. गोलाई तपासायला टेस्ट पॅटर्नच्या वर्तुळावर घरातली स्टीलची ताटली धरली आणि योकमागच्या चुंबकी चकत्या केसभर फिरवून वर्तुळ मधोमध आणलं. लाइन ऑसिलेटरची बारीक शिट्टी माझ्या कानांना ऐकू येईनाशी होऊन बरीच वर्षं झाली. ते काम नात करते. जिन्यातूनच ओरडते, ‘आजोबा, चालू राहिलाय!’

दिवाळीआधी इथल्याच एका मराठी नाटक मंडळीने तो मागून नेला. नाटकात जुनी कंट्रोल रूम होती. तालमीला चित्र खिळ्यासारखं स्थिर. दिग्दर्शकाचा चेहरा पडला. ‘काका, जुना आहे ना? मग जरा लोळू दे की!’ व्हर्टिकल होल्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, चित्र ढळेना. शेवटी मागचं बाहेरच्या सिंकचं बटण दाबलं. सिंकच्या तोंडाला तारच नव्हती. चित्र तिरकं झालं, फाटलं आणि गडगडत वर जाऊ लागलं.

‘वा काका,’ दिग्दर्शक म्हणाला, ‘आता कसं एकदम असली वाटतंय.’